पहिला घोट

१

चंद्रकुमार टेंभरे याच्या घरात दिवसाचे प्रहर कपांवरून ओळखले जात. उजाडताना दार्जिलिंगची कोरी पत्ती, दूध-साखरेचा स्पर्शही नसलेली. न्याहारीनंतर पितळी गाळणीतून थेंबाथेंबाने उतरलेली कॉफी. उन्हाचा ताव ओसरू लागला की परसातल्या गवती चहाची पाती. आणि दिवेलागणीला आसामच्या दाणेदार पत्तीचा, ठेचलेल्या आल्याचा, दाट दुधाचा चहा. हा क्रम लग्नकार्यातही मोडत नसे. वऱ्हाडाला निघताना त्याच्या पिशवीत पत्तीचे डबे कपड्यांच्या आधी जात आणि गावाकडचे लोक त्यावरून त्याची मनसोक्त थट्टा करीत.

गोरेगावच्या बाजारओळीत त्याचे पत्तीचे दुकान होते आणि दुकानामागेच घर. आसपासच्या हॉटेलांना आणि महामार्गावरच्या ढाब्यांना तो पत्ती मिसळून देई. मिश्रण जमले की नाही याचा निवाडा त्याच्या जिभेवर होई आणि त्या निवाड्यावर कोणी अपील केल्याचे ऐकिवात नव्हते. पहिला घोट स्वतः घेतल्यावाचून कप कोणाच्याही हाती द्यायचा नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. हळूहळू तो नियम त्याच्या हातात असा भिनला की त्याचा त्यालाही पत्ता लागत नसे.

घरात या नियमाला निराळे रूप आले होते. दुर्गेश्वरी कप आणी. तो पहिला घोट घेई. ती समोर बसून म्हणे, "सांगा." मग त्याने त्या घोटाला साजेसा एक शब्द सांगायचा. 'चांगला' हा शब्द त्या घरात चालत नसे. 'कडक' हा तर हॉटेलातला म्हणून केव्हाच हद्दपार झालेला. निवळ, तुरट, भरीव, उतरलेला, उथळ, असा नेमका शब्द सापडला की ती मान डोलवी. नाही पटला तर म्हणे, "हे काही बरोबर नाही. पुन्हा प्या." शब्द पटल्यावर तो कप तिच्या हाती देई आणि उरलेला चहा त्याच कपातून ती पिई. मूलबाळ नसलेल्या त्या घरात दोघांमधल्या मायेची उघड खूण एवढीच होती. जगात त्याचे उष्टे पिणारी ती एकटी.

एकटी म्हणताना एक अपवाद करायला हवा. त्याचा थोरला भाऊ बिसराम मुर्रीला घरची शेती पाही. बाजाराच्या दिवशी तो मोटारसायकलीवरून येई आणि आला की बाहेरच्या खोलीतल्या बाकावर ठाण मांडी. चंद्रकुमारच्या हातातला कप ओढून घेऊन त्यातलाच एक घोट घ्यायचा आणि तोंड वाकडे करायचे, ही त्याची लहानपणापासूनची खोडी.

"चंदू, हा चहा होय का बे? बैलापुढं ठेवशील तर बैल लात मारल."

त्याला चहात चिमूटभर मीठ लागे. बशीत ओतून, फुर्र आवाज करीत तो पिई आणि संपला की कप बशीवर पालथा घाली. आता आणखी नको, अशी त्याची ती खूण.

दुर्गेश्वरीचा तो भासरा, थोरला दीर. त्याची चाहूल लागताच ती कपाळापर्यंत पदर ओढी आणि आत वळून म्हणे, "अहो, मुर्रीचे आले." त्याच्याशी थेट बोलणे नाही, त्याचे नाव घेणे नाही, कप त्याच्या हाती देणे नाही. कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे. बिसरामही तिच्या बांगड्यांचा आवाज आत जाईपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राही आणि मगच कप उचली. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचा चेहरा धडपणे पाहिला नसावा.

गेल्या मार्गशीर्षात, धानाचे पुंजणे चुरायला, मळणीला काढले त्या दिवशी, बिसराम खळ्यावर बसल्या जागी गेला. हातातली बशी सांडलीसुद्धा नव्हती, असे लोक म्हणत.

२

अक्ती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वर्षभरात गेलेल्या माणसाला त्या दिवशी पितरांच्या ओळीत बसवायचे असते. मुर्रीच्या घरी नवी मातीची घागर भरली, निखाऱ्यावर तूप-गुळाचा घास पडला. बिसरामची बायको निर्मलाबाई चुलीशेजारून म्हणाली, "पाण्यासंग एक कप चहाबी ठेवा, भाऊजी. चहाबिगर ते का उठतील पाटावरून?"

सगळे हसले. चहा करायचा तर तो चंद्रकुमारनेच, यावर कोणाचे दुमत नव्हते. त्याने मन लावून केला. ज्या चहाला तो आयुष्यभर नावे ठेवत आला तोच: उकळून उकळून काळपट झालेला, गोडमिट्ट, वर चिमूटभर मीठ. गाळला, कपात ओतला, आणि कप पाटाकडे नेता नेता ओठाला लावून एक घोट घेतला.

निर्मलाबाईचा पळी धरलेला हात थांबला.

"भाऊजी, चाखलात का?"

चंद्रकुमारने हातातल्या कपाकडे पाहिले. तो दुसऱ्याच कोणी तिथे आणून ठेवल्यासारखा वाटला. "हाताला सवयच तशी, वहिनी. मी दुसरा करतो."

"दूध सरलं. राहू द्या आता." ती थोडी हसली. "तुमचं उष्टं त्याइनं का कमी बखत पेलं?"

कप-बशी पाटावर, घागरीशेजारी गेली. मंडळी जेवायला बसली. हात धुऊन चंद्रकुमार परत आला तेव्हा पाटावरचा कप बशीवर पालथा घातलेला होता.

कावळा शिरला असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. खिडकी उघडी होती. पंख लागून कप उलटला असेल. मात्र पंख लागून उलटलेला कप बशीबाहेर गडगडतो. हा बशीच्या मधल्या खोलगट वर्तुळात नीट बसला होता आणि पाटावर चहाचा एकही थेंब नव्हता. त्याने कप उचलून पाहिला. आतून तो कोरडा होता.

त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगण्याजोगे त्यात होते तरी काय?

३

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या दार्जिलिंगला चव नव्हती.

चव नव्हती, हे म्हणणेही अचूक नव्हे. चंद्रकुमारला शब्दांची चाड होती; तो बराच वेळ कप हातात धरून बसला. बेचव पाणी त्याला ठाऊक होते, शिळी पत्ती ठाऊक होती, करपलेली ठाऊक होती. हे त्यातले काहीच नव्हते. या चहाला चव होती आणि ती होऊन गेली होती. एखाद्या खोलीतून माणूस नुकताच उठून जावा, गादीवरचा खळगा अजून भरून आलेला नसावा, तशी ती जागा त्या घोटात होती. आपण पहिला घोट घेतला तेव्हा तो पहिला नव्हता, एवढेच त्याला निश्चित सांगता आले असते.

"सांगा," दुर्गेश्वरी म्हणाली.

"निवळ," तो म्हणाला. शब्द आठवणीतून काढलेला होता. त्या घरात या खेळात उच्चारलेले ते पहिले असत्य.

तिने मान डोलावली, कप घेतला, प्यायली. "खरंच निवळ आहे," ती म्हणाली. तिला चव लागत होती.

कॉफीचेही तसेच झाले, गवती चहाचेही. चंद्रकुमार बुद्धीने चालणारा माणूस होता. त्याने कारले चावून पाहिले; कारले कडू लागले. मीठ खारट, लिंबू आंबट, भाजीतली लसूण जागच्या जागी. गोंदियाला जाऊन डॉक्टरला जीभ दाखवली. डॉक्टरने विजेरी मारून घसा पाहिला, नाक पाहिले आणि हिंदीत विचारले, "बस चाय का ही टेस्ट नहीं आता?" चंद्रकुमारने होकार दिल्यावर तो हसला. "तो थोडे दिन चाय छोड़ दीजिए."

चहा सोडण्याची गोष्ट चंद्रकुमारने घरी सांगितली नाही. दुकानात मात्र चव नसणे जड जाऊ लागले. चमच्याने घोट घ्यावा आणि त्यात फक्त ऊब असावी. तो हाताच्या अंदाजाने पत्ती मिसळू लागला आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे चोरून पाहू लागला. घरात प्रत्येक 'सांगा' ऐकला की तो ठेवणीतला एखादा शब्द काढी. जुने शब्द संपत आले होते. ज्या दिवशी ती "हे काही बरोबर नाही" म्हणेल त्या दिवशी आपल्यापाशी दुसरा शब्द नसेल, हे त्याला दिसत होते.

याहून चमत्कारिक गोष्ट दिवेलागणीला घडे. दुकानातला दिवा लावून तो गल्ल्याशी बसलेला असे, समोर कप नसे, तोंडात सुपारीसुद्धा नसे, आणि अवचित त्याचे तोंड चहाने भरून जाई. उकळून काळपट झालेला, गोडमिट्ट चहा, आणि शेवटी जिभेच्या कडेला मीठ. तो गिळू लागे. गिळायला तोंडात काही नसे.

४

सडक अर्जुनीजवळ ढाबा चालवणारा धर्मेंद्र हे जुने गिऱ्हाईक. पत्ती न्यायला आला की तासभर बसे आणि अर्ध्या महामार्गाच्या बातम्या सांगे. त्या दिवशीही तो पाठ करून उभा, फळीवरचे डबे न्याहाळत बोलत होता. चंद्रकुमारसमोर कप होता. तो त्याने अजून उचललेला नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते. पुढे त्याने हे स्वतःला अनेकदा बजावले.

फुर्र, असा लांब आवाज झाला.

धर्मेंद्र न वळताच म्हणाला, "का सेठ, तुम्हीबी आता बशीतून सुरू केलं का? बड़े भैया की याद आ गयी." मग तो वळला. बशी कोरडी होती. त्याने बशीकडे पाहिले, चंद्रकुमारच्या हातांकडे पाहिले. पत्तीचे पुडके बगलेत मारून तो लवकर निघाला. जाताना नेहमीसारखा "चलतो सेठ" म्हणाला, पण दुकानाची पायरी उतरल्यावर.

म्हणजे आवाज दोघांनी ऐकला होता. इतके दिवस चंद्रकुमार आपल्या जिभेवर, वयावर, शोकावर सगळा भार टाकत आला होता. धर्मेंद्रला कसला शोक?

त्याच संध्याकाळी दुर्गेश्वरीने दुधाचा चहा आणून टेबलावर ठेवला आणि आले विसरल्यासारखे काही पुटपुटत ती परत आत गेली. चंद्रकुमार कपाकडे पाहत राहिला. दूध दाट होते. निवता निवता चहावर साय धरली, सुरकुतली, ताणली गेली. मग सायीच्या एका कडेला, कपाच्या काठालगत, एक बारीक ठसा पडला. ओठ टेकल्यावर पडतो तसा. वरचा ओठ आणि खालचा ओठ, दोन्हींच्या रेघा स्पष्ट होत्या. त्याने श्वास रोखून वाकून पाहिले. वरून टेकलेल्या ओठाने साय खाली दबली असती. ही वर उचलली गेली होती. ओठ खालच्या बाजूने टेकले होते. त्याच्या डोळ्यांदेखत साय तिथे आत ओढली गेली आणि चहा काठापासून बोटाच्या पेराएवढा खाली गेला.

दुर्गेश्वरी आल्याचा तुकडा घेऊन बाहेर आली तेव्हा तो उभा होता आणि चहा मोरीत ओतला जात होता.

"अहो, हे काय?"

"माशी पडली होती."

"मग दुसरा देते."

"नको." तो म्हणाला. "आजपासून तुझा कप तू वेगळा घेत जा."

तिने आल्याचा तुकडा टेबलावर ठेवला. "माझ्या हातचं काही बिघडलं का?"

तो कप विसळू लागला. काय सांगणार होता तो? आपण इतके दिवस तिला जो कप देत आलो त्यातले पहिले उष्टे आपले नव्हते. ज्याच्यापुढे ती कपाळावरचा पदर ढळू देत नसे, ज्याच्या हाताचा वाराही तिने अंगाला लागू दिला नव्हता, त्याचे उष्टे तिने रोज समोर बसून, हसत, चवीने प्यायले होते. मान डोलावून "खरंच निवळ आहे" म्हटले होते.

त्या दिवसापासून टेबलावर दोन कप येऊ लागले. 'सांगा' हा शब्द त्या घरातून गेला. ती आपला चहा स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून पिऊ लागली, आणि टेबलाशी एकट्या बसलेल्या चंद्रकुमारला कळून चुकले की गेलेली चव आता परत आली तरी उपयोग नाही. ती जिला सांगायची, तीच समोर नव्हती.

५

चंद्रकुमार मोटारसायकलीवरून मुर्रीला गेला. उन्हाळी धान कापून झाले होते आणि बांध्यांमध्ये धसकटे उभी होती. निर्मलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. गेल्या खेपेपेक्षा ती भरलेली दिसली. चेहऱ्यावर तकाकी होती.

"या भाऊजी. दुर्गेश्वरीले नाई आणलं?"

"ती घरी आहे. वहिनी, एक विचारायचं होतं."

पण विचारणे जमेना. तो शेतीचे बोलला, विहिरीचे बोलला, छपराच्या कौलांचे बोलला. सावल्या लांबल्या. निर्मलाबाई उठून आत गेली. पातेल्याचा आवाज आला, उकळीचा वास आला. बाहेर येताना तिच्या हातात कप-बशी होती. चंद्रकुमारने हात पुढे केला. ती त्याला ओलांडून गेली आणि ओसरीच्या टोकाला, बिसरामच्या रिकाम्या खाटेजवळ, कप खाली ठेवला.

"तुमचा आणतो," ती म्हणाली. "अगुदर त्याइचा. अक्तीपासून रोज ठेवतो मी, दिवा लावाच्या टायमाले."

चंद्रकुमारचे तोंड भरून आले.

गरम, गोडमिट्ट, काळपट. तो खाटेपासून लांब, खांबाला टेकून बसला होता. हात रिकामे होते. घोट घशातून उतरला. मागून दुसरा आला, पहिल्याहून मोठा, आणि त्याची जीभ पोळली. त्याने तोंडावर हात दाबला. शेवटी जिभेच्या कडेला मीठ आले, जसे रोज येई. खाटेजवळच्या कपातून वाफ निघत होती. कपाला कोणी शिवले नव्हते.

"वहिनी, हे बंद करा."

"काऊन?"

"बंद करा. ते त्याला पोचत नाही."

निर्मलाबाईचा चेहरा कठोर झाला. "पोचते का नाई ते मले मालूम हाये. थे गेले तईपासून या घरात मी भिताडासंग बोलत होतो, भाऊजी. अक्तीपासून वाटते, कोणी बसून राह्यलं. कोणी पिऊन राह्यलं. आन् तुमी म्हणता बंद करा."

मग त्याने सगळे सांगितले. पाटावरचा कप, होऊन गेलेली चव, बशीचा आवाज, साय. पोळलेली जीभ बाहेर काढून दाखवली. लहान मुलासारखी ती जीभ दाखवताना त्याला लाज वाटली नाही. निर्मलाबाई ऐकत राहिली. बोलणे संपल्यावर तिने पदराच्या टोकाने हात पुसले, पुन्हा पुसले, आणि अगदी हळू विचारले, "मंग तिकडं तुमच्या घरी कोण पिऊन राह्यलं?"

तिची नजर रिकाम्या खाटेवर गेली.

चंद्रकुमार उठला. चुलीपाशी जाऊन त्याने स्वतःच्या हाताने नवा चहा मांडला. उकळू दिला, गाळला, मीठ घातले. कप उचलला तसा हात आपोआप ओठांकडे वळला. त्याने डाव्या हाताने उजवे मनगट धरले आणि कप खाटेपर्यंत नेला. थेंब सांडले, पण ओठ लागले नाहीत.

"दादा," तो म्हणाला, "हा तुझा. मी चाखलेला नाही. माझा मला परत दे."

दोघे वाट पाहत बसले. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. रस्त्यावरून एसटी गेली. चंद्रकुमारच्या तोंडात काही आले नाही. आपल्याच लाळेची साधी चव, आणि पोळल्याची आग. त्याने निर्मलाबाईकडे पाहून मान हलवली. तिने पातेल्यात उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतला आणि बशीसकट त्याच्यापुढे केला. त्याने बिचकत घोट घेतला.

चव आली. आधी उकळलेल्या पत्तीचा कडवटपणा, मग दुधाची गोडी, मग दोघांच्या खालून वर येणारे मीठ. हा चहा त्याने आयुष्यभर टाकाऊ ठरवला होता आणि आज त्याचे डोळे पाण्याने भरले. एवढेच नव्हे, शब्दही आला. शोधावा न लागता, पुष्कळ दिवसांनी. हा दुर्गेश्वरीला सांगायचा, त्याने ठरवले. दारातूनच सांगायचा. मग बाकीचेही सांगायचे, सगळे, आणि पुन्हा एका कपाला दोघांनी ओठ लावायचे.

तो उठला. चपला घालताना त्याला वाटले, निर्मलाबाई आपल्याकडे पाहत आहे. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याने नुकत्याच खाली ठेवलेल्या कपाकडे पाहत होती. मग तिने चेहरा वर केला. त्या चेहऱ्यावर भीती असती तर त्याला कळली असती.

"सांज झाली," ती म्हणाली. "आता कायले जाता? खाट टाकून देतो."

"नाही, घरी वाट पाहत असेल."

ती हसली. थट्टा ऐकून घ्यावी तशी.

मोटारसायकल गोरेगावच्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या ध्यानात आले, की ती 'भाऊजी' म्हणाली नव्हती. आणि त्यानंतर, बऱ्याच अंतरावर, आपण कप कसा ठेवला ते आठवले. बशीवर, मधोमध, पालथा.

६

बाजारओळीत अजून वर्दळ होती. चण्याफुटाण्याच्या गाडीवर कंदिलासारखा दिवा लटकत होता, मोबाइलच्या दुकानातून गाणे वाजत होते. ओळखीची कोणी माणसे हात वर करून गेली. त्यांनी नेमका कोणाला हात केला, हे पाहण्याचे चंद्रकुमारने टाळले. बुद्धीने चालायचे, त्याने ठरवले होते. थकलेल्या बाईच्या तोंडून एक शब्द राहून जातो. लहानपणापासून पाहिलेली भावाची लकब शोकात आपल्या हातून घडते. यात अशक्य असे काय आहे?

दुकानाचे शटर उतरवलेले होते. तो बाजूच्या दाराने आत आला आणि बाहेरच्या खोलीत उभा राहिला. स्वयंपाकघरात दिवा होता. आले ठेचल्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकून त्याचे खांदे सैल झाले. तोंडातला शब्द त्याने वाटेत इतक्या वेळा घोळवला होता की तो आता आपसूक बाहेर पडला असता.

"ऐकलंस का," तो म्हणाला.

आवाज थांबला. बांगड्या वाजल्या. दुर्गेश्वरी दारात आली आणि तिने त्याच्याकडे पाहिले. पुरते पाहिलेही नाही, नजर त्याच्या चपलांपर्यंत येऊन तिथेच थांबली. हात मागे गेला आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत आला. ही हालचाल तिने कधी विचार करून केली नव्हती, आताही केली नाही.

"दुर्गेश्वरी," चंद्रकुमार म्हणाला. "अगं, मी आहे."

थोरल्या दिराने आपले नाव उच्चारावे, याचा धक्का बसल्यासारखी ती आक्रसली. घाईने आत वळली, ओट्यावरचा एक कप बशीत ठेवून घेऊन आली आणि तो उंबऱ्यावर ठेवला. त्याच्याकडे पाठ होऊ न देता मागे सरली.  कप बशीवर किणकिणला. पदराआडून, आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाक दिली.

"अहो, मुर्रीचे आले."

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. चंद्रकुमारच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. ती सरकताना एकदा अडे. आताही अडली.

चंद्रकुमार उंबऱ्याकडे पाहत राहिला. पुढे होऊन आत डोकावावे तर पाय उचलेना. भासरा आत शिरत नाही, हे त्याच्या पायांना कोणी सांगितले होते, कोणास ठाऊक. दारातून जेवढे दिसत होते तेवढ्यात टेबलाचा कोपरा होता. त्यावर एक हात होता. बाही मनगटापर्यंत, करंगळीवर पत्तीच्या डब्याने कापल्याचा जुना वण. चंद्रकुमारने स्वतःची करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरली. उघडून पाहण्याचा धीर त्याला झाला नाही.

त्या हाताने टेबलावरचा कप उचलला. कप कोपऱ्यापलीकडे दिसेनासा झाला.

ओट्याशी उभ्या असलेल्या दुर्गेश्वरीच्या डोक्यावरचा पदर हळूहळू खाली आला. ती टेबलासमोर जाऊन बसली, आणि इतक्या दिवसांनी, रुसवा सोडलेल्या आवाजात म्हणाली, "सांगा."

आत शांतता झाली. ती किती वेळ टिकेल हे चंद्रकुमारला ठाऊक होते. घोट जिभेवर फिरवायला आणि शब्द जुळवायला त्याला स्वतःला लागे तेवढा वेळ. त्याने तोंड उघडले. शब्द जिभेवर होता. मुर्रीपासून सांभाळून आणलेला, कोणालाही न सांगितलेला.

"मुरलेला," आतून त्याच्याच आवाजात तोच शब्द आला.

दुर्गेश्वरी पटल्यासारखे हसली. मग एका हातातून दुसऱ्या हातात कप गेल्याचा, बांगड्यांचा हलका आवाज झाला.